वाचकाची खुर्ची

वनजाबद्दल कुणी विचारलं की मी आधी तिच्या विड्यांबद्दल सांगतो. त्या ढिल्या असायच्या. दोरा एका बाजूला सरकलेला, तोंड नीट न मिटलेलं. पुळिक्कलच्या आमच्या शेडमध्ये तिच्यापेक्षा चांगल्या विड्या वळणाऱ्या कितीतरी जणी होत्या. त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. पण कण्णूरच्या बसमध्ये बसलं आणि विडी सोसायटीचा विषय निघाला, की शेजारचा हमखास विचारणार, तुमच्याकडे ती वनजा आहे ना? आहे म्हणतो मी, आणि खिडकीबाहेर बघतो.

मी पवित्रन. मी विड्या कधी वळल्या नाहीत. मी वाचायचो. आमच्याकडच्या विडीच्या शेडमध्ये वाचक असायचा. वळणाऱ्यांच्या मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बोटं कामात, कान मात्र मोकळे. त्या मोकळ्या कानांसाठी सकाळी पेपर आणि दुपारी कादंबरी वाचायची. खिडकीजवळ एक उंच लाकडी खुर्ची होती, ती वाचकाची. वाचकाला सोसायटी पगार देत नसे. वळणारा प्रत्येक जण आपल्या विड्यांतल्या थोड्या वाचकाच्या टोपलीत टाकायचा आणि संध्याकाळी त्या माझ्या नावावर जमा व्हायच्या. लोकांनी आपल्या बोटांतून काढून दिलेली ती कमाई होती. तिचा मला फार अभिमान होता, आणि का नसावा? घशाला जपावं म्हणून मी सुंठीची कॉफी प्यायचो, थंड पाण्याला शिवायचो नाही, घरात भांडणसुद्धा हळू आवाजात करायचो. लढाईची बातमी मी वाचली की म्हाताऱ्या बायका छातीला हात लावायच्या.

वनजा आली ती तिच्या आईच्या जागी. आई, कल्याणी, हिची नजर मंदावली, तेव्हा तिचं सूप पोरीच्या मांडीवर आलं. तेव्हा लग्न व्हायचं होतं तिचं, अंगानं काटकुळी, पण बघणं थेट. पहिल्याच आठवड्यात मी तंबाखूवरच्या नव्या कराची बातमी वाचत होतो. छान रंगात आलो होतो. आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "पवित्रेट्टा, जरा थांबा. मग आपलं काय?"

एट्टा म्हणजे दादा, पण दादा म्हणूनही वाचकाला मधे कुणी थांबवत नसे. खोकायचं, बाहेर जायचं, डोळ्यांतून पाणी काढायचं, सगळं चालायचं. पण मधे बोलायचं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, पेपरात आपलं काही छापलेलं नाही, छापलं की वाचीन. शेड खदखदून हसली. गंमत म्हणजे वनजाही हसली, अगदी मनापासून, आणि तेच मला लागलं. मी टोला मारला होता आणि तिला तो लागलाच नव्हता.

मग तिला ती सवयच जडली. मध्य प्रदेशात तेंदूच्या पानांचा लिलाव फिसकटला, मग आपलं काय? बंदरात संप झाला, मग आपलं काय? परदेशातल्या कुठल्याशा बँकेनं हात वर केले, तरी हिचं तेच. सुरुवातीला लोक चिडवायचे. तिचं नावच पडलं होतं, 'मग-आपलं'. पण हळूहळू मी बघू लागलो की बातमी संपली की माना माझ्याकडून तिच्याकडे वळतात. मी एवढा जीव ओतून वाचावं, आवाज कुठे चढवायचा कुठे सोडायचा याचा विचार करावा, आणि लोकांनी वाट बघावी ती तिच्या तीन शब्दांची. मग वाद सुरू व्हायचा. हात चालूच, तोंडंही चालू. आणि मी पेपरची घडी मांडीवर घेऊन बसलेलो.

घरी गेलो तरी सुटका नव्हती. माझी बायको शांता तांदळाची कंजी वाढता वाढता विचारायची, आज वनजा काय म्हणाली? आज काय वाचलंत असं तिनं विचारल्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे. एकदा मी ताट सारून उठलो. तर म्हणाली, अहो, पोट दुखतंय का? दुखतच होतं, पण ते औषधाचं दुखणं नव्हतं.

त्या वादांतून काहीबाही निघायचंही, हे मला कबूल करावं लागतं. एका पावसाळ्यात पानं कापणाऱ्या दोघी एकदमच तापानं पडल्या. बाकी सगळे आहेत, तंबाखू आहे, दोरा आहे, आणि कापलेलं पान नाही म्हणून शेड हातावर हात धरून बसलेली. वनजानं तिथेच विषय काढला. तेव्हापासून शनिवारी सगळ्यांनी जागा बदलायच्या असं ठरलं. कापणारीनं वळायचं, वळणारीनं बांधायचं, बांधणाऱ्यानं पानं निवडायची. पहिले काही शनिवार नुसता गोंधळ. वेड्यावाकड्या विड्या, कापलेली बोटं, एकमेकींची टिंगल. मी खुर्चीतून म्हणालो, सोसायटीनं सर्कस काढली वाटतं. कुणी लक्ष दिलं नाही. माझी जागा तेवढी कुणी बदलायला सांगितली नाही, आणि तो मी माझा मान समजलो.

पुढे बसस्टँडवर, बाजारात, कुठेच विडी ओढायची नाही असा हुकूम निघाल्याची बातमी आली. ती मीच वाचली. त्या दिवशी वनजानं विचारायच्या आधीच कुजबुज सुरू झाली. बरेच दिवस तेच बोलणं चाललं. शेवटी कुणीतरी म्हणालं, विडी लोक सोडतील, पण पाऊस काही आपल्याला सोडणार नाही. त्यावरून छत्रीचं निघालं. आमच्या नाक्यावर मम्मदिक्का म्हणून एक म्हातारा छत्र्या दुरुस्त करत बसायचा. वनजा आणि आणखी काही जणी काम सुटल्यावर त्याच्याकडे जाऊन बसू लागल्या. काडीला कापड कसं टाचायचं, कापडाची तिकोनी पाकळी कशी कापायची, मोडका दांडा कसा बसवायचा. म्हाताऱ्याला तर चंगळच वाटली. मी चहाच्या दुकानातून बघायचो. विडीच्या बायका छत्र्या शिकतायत यापेक्षा मला दुसरंच खुपत होतं. मम्मदिक्काकडे बसून त्या वनजाला बातम्या विचारायच्या. मी सकाळी वाचलेल्या बातम्या.

मग ते दिवस आलेच. गोदामात विड्यांच्या पेट्या छतापर्यंत चढल्या. आठवड्यातले कामाचे दिवस कमी झाले. नदीपलीकडच्या खाजगी शेडांना एका सकाळी कुलपं लागलेली दिसली. मालकांनी आदल्या दिवशीपर्यंत कुणाला काही कळू दिलं नव्हतं. आमच्या शेडमध्ये कुरकुर होती, रडणंही होतं, पण पळापळ नव्हती. सगळ्यांनी सगळं कधीच ऐकलेलं होतं, त्यावर भांडून झालेलं होतं.

सोसायटीचे अध्यक्ष बालन मास्तर आमच्याकडे आले ते याच सुमाराला. शाळेतून निवृत्त झालेला भला माणूस, पण डोळे मिटून बोलायची सवय. म्हणाले, आम्ही ठरवलंय की पुळिक्कलच्या शाखेत छत्र्यांचं काम सुरू करून बघायचं. जमलं तर शाखा राहील, नाही जमलं तर बंद. वनजा बसल्या जागेवरूनच म्हणाली, "मास्तर, आम्ही म्हणजे कोण? आपण म्हणा. नाहीतर बसून ठरवू, म्हणजे आपण होईल." मास्तरांनी डोळे उघडले, हसले, आणि 'आपण' म्हणाले. मला तिच्या जिभेचा इतका हेवा वाटला की सांगता सोय नाही. तो 'आम्ही' मी रोज पेपरात वाचायचो आणि इतक्या वर्षांत कधी कुणाला त्यावरून टोकलं नव्हतं.

पण मास्तरांचं बोलणं संपलं नव्हतं. ते म्हणाले, शिलाईची मशीनं येणार, त्यांचा आवाज होणार, तेव्हा वाचन आता कुणाला ऐकू जायचं नाही. पवित्रनना आपण गेटवर घेऊ. फार मायेनं म्हणाले ते. ज्या आवाजानं बायकांच्या डोळ्यांत पाणी आणलं, त्या आवाजात आता 'कोण पाहिजे?' एवढंच विचारायचं. खुर्ची गेली की माझ्याजवळ काय उरत होतं? दुसरं कुठलं काम मला येत नव्हतं.

सभा पुढच्या आठवड्यात होती. तो सगळा आठवडा मी मनातल्या मनात एकच मागणं मागत होतो, की हे छत्रीचं फिसकटू दे. फिसकटलं तर शेड बंद, आणि शेड बंद म्हणजे खुर्चीही जाणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण मग वनजाचंही नाक कापलं गेलं असतं, आणि तेवढ्यासाठी मी गेटवर सोडा, घरी बसायला तयार होतो.

सभेत वनजा उभी राहिली. हातात कागद नव्हता. म्हणाली, छत्रीतलं अर्धं काम मशीनचं आणि अर्धं हाताचं. काड्यांना कापड टाचताना आवाज होत नाही. सकाळी आल्यावर आधी सगळ्यांनी हातकाम करायचं, मशीनं बंद ठेवायची, तेव्हा वाचन. मग मशीन सुरू. आणि विड्या द्यायचो तशा प्रत्येकीनं वाचकाच्या नावानं थोड्या काड्या टाचून द्यायच्या.

मास्तरांना ते पटेना. नवी मशीनं पेपरासाठी बंद ठेवायची, हे वरच्या कमिटीला सांगायचं तरी कसं?

तेव्हा वनजा जे बोलली ते मला शब्दन् शब्द आठवतं. वाचकाचे कान आहेत, नको असलं तरी राहतं. "मास्तर, नदीपलीकडे कुलपं लागली तेव्हा तिथल्या बायका बाजारात एकमेकींना तोंड दाखवत नव्हत्या. प्रत्येकीला वाटलं, हे माझ्या एकटीवरच आलंय. आपल्यात कुणाला तसं वाटलं नाही. का? तर वाईट बातमी आपण रोज एकत्र ऐकत होतो. आज विडीचं झालं, उद्या छत्रीचं होईल, परवा आणखी कशाचं. मशीन बिघडलं तर दुसरं आणाल. एकत्र ऐकायची ही सवय मोडली, तर ती कुठून आणाल?"

मी तर जागच्या जागी जळून गेलो. इतकी वर्षं मी त्या खुर्चीत बसून वाचलं, आणि कशासाठी वाचत होतो हे मला तिच्याकडून कळावं? मला वाटायचं, माझ्या आवाजासाठी.

हात वर करून मत घ्यायचं ठरलं. हात वर झाले, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. माझा झाला नाही. माझ्याच खुर्चीचा ठराव, आणि माझा हात मांडीवर दगडासारखा पडलेला. उचलायचा म्हणून उचलायला गेलो तर समोर वनजा दिसली, आणि तो तिथेच राहिला. नेमके त्या वेळी मास्तरांचे डोळे उघडे होते.

"पवित्रन, तुमचा विरोध आहे?"

अख्खी शेड माझ्याकडे वळली. हो म्हणावं तर उभं राहून कारण सांगावं लागणार, आणि कारण तर समोर उभं होतं, सुती साडी नेसून.

"मास्तर, असं काय विचारता?" वनजा म्हणाली. "त्यांच्याच पोटाचा ठराव आहे. स्वतःसाठी हात वर करायला त्यांना लाज नाही का वाटणार?"

लोक हसले. मास्तर हसले. ठराव पास झाला. सभा संपल्यावर लोकांनी माझी पाठ थोपटली. असा माणूस बघायला मिळत नाही, म्हणे. नारायणी, जिची जीभ कात्रीपेक्षा धारदार, तीसुद्धा म्हणाली की पवित्रेट्टनचा स्वभाव आज कळला. मी ते सगळं ऐकून घेतलं. दुसरं काय करणार होतो?

वनजाला मी भाताच्या खाचरांमधल्या बांधावर गाठलं. ती डबा हलवत घरी निघाली होती. मी सरळच विचारलं, माझा हात का खाली होता हे तुला माहीत होतं ना?

"होतं की," ती म्हणाली.

"मग मला कशाला वाचवलंस?"

ती थांबली. "तुम्हाला कुठे वाचवलं? खुर्ची वाचवली. मला हवीय ती."

मला आधी कळेचना. मग ती बोलत गेली, चालता चालता, माझ्याकडे न बघता. लहान असताना आईचा डबा घेऊन शेडवर यायची, आणि डबा देऊन झाला तरी खिडकीखाली उभी राहायची. घरी विहिरीवर मी वाचतो तसं वाचून बघायची, रिकाम्या घागरीत तोंड घालून, आवाज मोठा वाटावा म्हणून. शेडमध्ये कामाला लागली ती कधीतरी वाचायला मिळेल या आशेनं. पण मी तर कधी आजारीसुद्धा पडायचो नाही. खाली बसणाऱ्या बाईचं कुणी ऐकावं तर एकच वाट होती, मधे बोलायचं. म्हणून ती मधे बोलायची.

"तुम्ही गेटवर गेला असता तर लोकांनी खुर्ची जळणाला दिली असती," ती म्हणाली. "तुम्ही बसा. दमलात की सांगा."

"आणि नाही दमलो तर?"

"तर मी खाली बसून जळत राहीन. मला सवय आहे."

त्या दिवशी मी घरी गेलो आणि कंजी दोनदा मागून घेतली. शांता बघतच राहिली. इतकी वर्षं कुणीतरी माझा हेवा करत होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता! जग एकदम राहण्यासारखं वाटलं मला. आणि त्याच वेळी मी मनाशी पक्कं ठरवलं, की आता दमायचं नाही. काही झालं तरी नाही.

छत्र्या चालल्या. फार नाही, पण शेड राहिली एवढ्या चालल्या. मग बाहेरून स्वस्त छत्र्या आल्या तेव्हा शाळेची दप्तरं शिवली, मग पूर आला, मग आणखी काही. दर वेळी सकाळी मशीन बंद ठेवून मी वाचायचो, ती विचारायची, लोक भांडायचे, आणि पुढच्या महिन्यात कुणीतरी काहीतरी नवं शिकायला बसलेलं दिसायचं. दुसऱ्या सोसायट्या वनजाला बोलवू लागल्या. तुमची शेड कशी टिकली ते सांगा म्हणून. ती डबा घेऊन सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळी परत. तिथे ती काय सांगते, हे मी कधी विचारलं नाही. माझं नाव घेते असं नारायणी म्हणाली. घेत असेल. ती घेते म्हणून मला ते गोड लागलं नाही.

आवाजानं मला दगा दिला नाही. दिला तो डोळ्यांनी. आधी बारीक अक्षरं गेली. मी चहाच्या दुकानात लवकर जाऊन दुकानदाराकडून पेपर वाचून घेऊ लागलो, मथळे पाठ करू लागलो, खुर्चीत बसून पाठ केलेलं म्हणू लागलो. कुणाला कळलं नाही असं मला वाटायचं. पण वनजाचे प्रश्न कमी झाले. मला पाठ नसलेलं काही ती विचारेनाशी झाली, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. एवढं समजून घेणारी बाई मला अजिबात सहन होत नसे.

कर्किडकम महिन्यातल्या मुसळधार पावसातली एक सकाळ. सगळे काड्या टाचत होते. मी पहिली बातमी म्हटली, दुसरी म्हटली. तिसरी दुकानदारानं मला सांगितलीच नव्हती. मी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. अक्षरांचा नुसता चिखल दिसत होता. लोकांना वाटलं मी श्वास घेतोय. डोकं दुखतंय म्हणालो असतो तर तो दिवस निभावला असता. उद्याचं उद्या बघितलं असतं.

मी खुर्चीवरून उतरलो. चप्पल सापडायला वेळ लागला. तिसऱ्या रांगेपर्यंत गेलो आणि पेपर तिच्या मांडीवर ठेवला.

"वनजे, बस वर."

तिनं हात पदराला पुसले. हसली नाही, नको म्हणाली नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. उठली आणि जाऊन बसली. मी तिच्या जागेवर टेकलो. गुडघे दुमडायला त्रास झाला. नारायणीनं माझ्या हातात काडी, कापड आणि सुई दिली आणि स्वतःच्या कामाला लागली.

वनजा वाचू लागली. आवाज जरा फाटका, वाक्याच्या शेवटी खाली पडणारा. माझ्याइतकं चांगलं नाही, हे मी कुठेही सांगेन. पण सगळे ऐकत होते. मला गाठ जमेना. कापड निसटायचं, सुई बोटात जायची. नारायणीनं शेवटी माझं मनगट धरून दोरा फिरवून दाखवला, लहान पोराला दाखवावं तसा. मी मान वर करून बघितलं. वनजा वाचत होती, पानावर बोट ठेवून, सगळं विसरून. एकदाही तिनं खाली माझ्याकडे बघितलं नाही. मी खुर्चीत होतो तेव्हा वाचायला सुरुवात करण्याआधी रोज एकदा तिच्याकडे बघून घ्यायचो.